आपल्या अमेरिकनला कोणतं इंजिन

दादा,

तेराव्याची पंगत उठली, पत्रावळी उचलायच्या बाकी होत्या, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारलंच, "मग, आता त्या गाडीचं काय?" मला वाटलं एकजण विचारेल आणि संपेल. कसलं संपतंय! तेव्हापासून जो येतो तो दोन मिनिटं तुझ्या फोटोकडे बघतो, "चांगला माणूस गेला" म्हणतो, चहाचा कप तोंडाला लावतो आणि पडवीतल्या ताडपत्रीकडे मान वळवून सांगतो, की इंजिन कोणतं टाकायला हवं. पेझारीचा मामा म्हणतो, ट्रॅक्टरचं टाका. शाळेतले सर म्हणतात, आता बॅटरीचा जमाना, मोटर बसवा, इंजिनाची कटकटच नको. तुझा तो रेवदंड्याचा पंक्चरवाला तर डोळे पुसत म्हणाला, "दादांनी माझं ऐकलं असतं तर आज गाडी चालू असती." मी सगळ्यांना हो म्हणते. वाद घालायला अंगात त्राण नाही.

दमलेय मी. रडून नव्हे, रडायला नीट फुरसत मिळालेली नाही. दिवस झाले आणि लगेच मी सहा आसनी रिक्षा रस्त्यावर काढली. घरात बसलं की माणसं येतात, आणि माणसं आली की इंजिन येतं. पण रिक्षातही सुटका नाही. अलिबागला एसटी स्टँडसमोर सीट भरत होते तर एक बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या अमेरिकनवाल्यांच्या बहीण ना? माझ्या लग्नात होती ती गाडी. काय मऊ चालायची हो." तुला हे ऐकायला मिळालं असतं तर आठवडाभर मला टोचून टोचून हैराण केलं असतंस. मी आरशात बघून मागच्यांना जरा सरकून बसा म्हटलं आणि रिक्षा काढली.

हे कुणी परकं माणूस वाचेल तर त्याला कळायला नको का, म्हणून सांगते. बाबा ज्या मुंबईच्या शेटची गाडी चालवायचे, त्यांनी अलिबागचा बंगला विकला आणि जाताना गाडी बाबांच्या हवाली केली. जुनी अमेरिकन गाडी. पुढे घोळ माशासारखं रुंद तोंड, मागे दोन पंख, आणि आत एवढी ऐसपैस सीट की नवरा, नवरी, करवल्या आणि वर एखादी रुसलेली आत्यासुद्धा मावावी. कंपनीचं नाव गावात कुणी घेतलं नाही. ती 'अमेरिकन'च. थळपासून मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात लग्न ठरलं की आधी हॉल की आधी अमेरिकन, यावरून घराघरात बोलणी व्हायची. बाबा गेले आणि गाडी आपल्या दोघांची झाली.

माझं सासर दोन पावसाळ्यांत संपलं. बॅग घेऊन मी अंगणात उभी राहिले तेव्हा तू काही विचारलं नाहीस. "जेवलीस काय?" एवढंच. दुसऱ्या दिवशी चावी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "बाय, आज नागावला वरात हाय. गाडी तू चालव." मला गाडी येत होती ती बाबांनी सांजवेळी समुद्रावर वाळूत शिकवली होती तेवढीच. नागावात मांडवाच्या दारात नवऱ्याच्या काकांनी मला स्टिअरिंगवर बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. नवरा सोडून आलेली बाई नवरदेवाची गाडी चालवणार? शुभकार्यात? तू खाली उतरलास, खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसलेस आणि अगदी सावकाश म्हणालास, "गाडी हिच्यासंगं येते. पायजे तर बसा, नको तर नवऱ्याला चालत न्या." ते बसले. त्या रात्री घरी येताना आपण दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही, आणि पुढेही कधी बोललो नाही. मी आज जी रिक्षा चालवून पोट भरते ती त्या दिवसावर चालवते. हे तुला माहीत होतं की नव्हतं, मला कळायला मार्ग नाही. मी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी आपला करार झाला. स्टिअरिंग माझं, इंजिन तुझं. मी बॉनेट उघडायचं नाही, तू गिअरला हात लावायचा नाही.

वरातीची गाडी चालवणं म्हणजे गाडी जवळपास न चालवणं. पुढे बेंजो, बेंजोपुढे नाचणारी माणसं, आणि आपण त्यांच्या टाचेला टाच लावून. मांडवापासून देवळापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता, त्याला दोन दोन तास. अशा चालीत इंजिन तापता कामा नये, बंद पडता कामा नये आणि आवाज बेंजोच्या वर जाता कामा नये. बाबांच्या वेळचं ते सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन चालू आहे की बंद, हे बॉनेटवर तळवा ठेवून बघावं लागायचं. तू म्हणायचास, "नवरीच्या पोटातलं पानी हलता नाय पायजे." खरंच हलायचं नाही. मग एका उन्हाळ्यात त्याचा ब्लॉक तडकला. तू वेल्डिंग केलंस, पुन्हा तडकला, पुन्हा केलंस, आणि शेवटी तूच हात जोडलेस.

आणि त्यानंतर तू जे केलंस ते फक्त आपल्या खाडीकाठचा माणूसच करू जाणे. गाडीत बोटीचं इंजिन टाकलंस! जन्मभर बोटींचीच इंजिनं खोललीस आणि जोडलीस, तुझा तरी काय दोष? जेटीवरच्या नाखवानं आपल्या बोटीला मोठं इंजिन घेतलं, जुनं तुला दिलं, आणि तुझी कळी खुलली. "बाय, जे इंजान वादळात बंद पडत नाय, ते वरातीत काय पडंल?" मला ते पटलं, हेही खरं. पण बोटीच्या इंजिनाला थंड व्हायला समुद्र लागतो. समुद्राचं पाणी खेचायचं, फिरवायचं, परत समुद्रात सोडायचं. तू त्याला रेडिएटर जोडलास खरा, पण डोक्यातलं माप समुद्राचंच राहिलं. चौलच्या वरातीत बेंजो रंगात आला, गाडी मुंगीच्या पावलानं निघाली, आणि देवळाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफेचा असा लोट उठला की नवरदेवाचा फेटा दिसेना. बायकांनी घराघरातून कळशा आणल्या. ओतावं तेवढं पाणी ते पीत होतं. त्यात आवाज इतका, की कोळीवाड्यातून दोघीजणी टोपल्या घेऊन धावत आल्या, बोट लागली म्हणून! तू घामाघूम होऊन म्हणालास, "समुद्रात कदी असं केलं नाय ह्यानं." मी म्हटलं, "दादा, समुद्र तिकडे राहिला." तू आधी डोळे वटारलेस. मग तिथेच चाकाला टेकून खाली बसलास आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. नवरदेव चालत गेला. बेंजोवाल्यांनी ताल काही सोडला नाही.

ते इंजिन परत बोटीवर गेलं आणि अमेरिकन पोकळ पोटानं पडवीत उभी राहिली. दोन वर्षं झाली. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

माझं म्हणणं सरळ होतं. टेम्पोचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन टाकायचं. आपल्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या त्यावर चालतात. त्याचा पार्ट रेवदंड्याला मिळतो, रोह्याला मिळतो, मुरुडला मिळतो. कुठे बंद पडलं तर त्या गावातला कोणीही मेकॅनिक उघडून बसेल. तुझं म्हणणं त्याहून सरळ, सहाच्या गाडीला सहाच. "टेम्पोचं इंजान टाकलं की नवरी नाय, कोबीची गोन चाललीय असं वाटंल." मी म्हटलं, "कोबीची गोण वेळेवर पोचते तरी." तू म्हणायचास, पुढचं वजन कमी होईल, गाडी तोंड वर करेल. मी म्हणायचे, गाडीचं तोंड तुझ्यासारखंच आहे, कधीतरी वर होऊ दे. तू म्हणायचास, काचा वाजतील. मी म्हणायचे, वाजू देत, बेंजोत कोणाला ऐकू येतंय. शेवटी तुझं काही चाललं नाही की तू करार काढायचास. "इंजान माझं. तू स्टिअरिंग सांभाल."

न्हावा शेव्याच्या बाजूला, कंटेनरच्या यार्डांमागे एका माणसाकडे तस्संच सहा सिलिंडरचं इंजिन पडलंय असं तुला कुणीतरी सांगितलं, आणि तू मला ओढत घेऊन गेलास. धूळ, ट्रेलरची रांग, डोक्यावर ऊन. तू त्या गंजक्या लोखंडाभोवती असा फिरत होतास, जणू पोरगी बघायला आलायस. ऑइलची काडी ओढून वास घेतलास. ब्लॉकवर तळहात फिरवलास. मी म्हटलं, "ह्याचा पार्ट लागला तर कुठून आणणार? अमेरिकेहून?" तू शेजारच्या थप्पीकडे हात केलास. "रोज येतात की कंटेनर." मी इतकी वैतागले, की वडखळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. वडखळला चहाला थांबलो तेव्हा तू तुझी खारी माझ्या बशीत ठेवलीस आणि मी ती खाल्ली. मग पोयनाडपर्यंत पुन्हा भांडलो. इंजिन तिथेच राहिलं.

शेवटच्या सकाळीही आपण भांडलो. मी रिक्षाची काच पुसत होते, तू जेटीवर निघाला होतास. जाता जाता म्हणालास, "सहाचंच बगायला लागंल, बाय." मी वर न बघता म्हटलं, "बघ, आणि तूच चालव." तू हसलास आणि गेलास. दुपारी फोन आला, की तू एका बोटीच्या इंजिनावर वाकलास तो वाकलेलाच राहिलास. बाया मला समजावतात, शेवटचं बोलणं असं झालं म्हणून मनाला लावून घेऊ नको. मी नाही लावून घेत. तीस वर्षं आपण एकमेकांशी असंच बोललो. त्या दिवशी मी गोड बोलले असते तर तूच घाबरला असतास.

आता तुझ्या रुपाच्या लग्नाचं. भावकी बसली. बाप गेला तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलाकडची माणसं समजूतदार निघाली, वैशाखातली ठरलेली तारीखच ठेवली. बेंजो नाही, हळदीचा धुमाकूळ नाही, साधं लग्न. पण तू तुझ्या लेकीला शब्द देऊन बसला होतास, की ह्या घरातून ती जाईल तर अमेरिकनमध्ये बसून जाईल. रुपा स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिनं हट्ट केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यातच काशीदच्या बाजूच्या एका रिसॉर्टवाल्याचा निरोप आला. गाडी द्या, दारात उभी करतो, पाहुणे तिच्यासोबत फोटो काढतील. इंजिन नसलं तरी चालेल म्हणे. मला वाटलं वहिनी त्याला उभं करणार नाही. पण वहिनी चुलीपुढे बसून म्हणाली, "वंदू, लग्नाला चालली तर राहू दे. नाय चालली तर देऊन टाकू. मना ती ताडपत्री रोज बगवत नाय." तू गेल्यापासून ती घरात एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलली. तिच्याशी वाद कसा घालायचा ते मला येत नाही.

मग मी हरायचं ठरवलं. तुझ्या गाडीत तुझं इंजिन. टेम्पोचं नाव काढायचं नाही. मुरुडच्या सलीमभाईला फोन केला. तू रविवार ज्याच्या गॅरेजात काढायचास तोच. बिचारा लगेच आला. त्याच्या टेम्पोतून आम्ही न्हावा शेव्याला गेलो. यार्डवाल्यानं मला ओळखलं. "भाऊ नाय आले?" मी मान हलवली आणि तो समजला. सलीमभाई रस्ताभर म्हणत होता, "वंदूताई, परत एकदा इचार करा. इंजान चांगलं हाय, पन ह्याला सांभालनारा आता..." आणि तिथे थांबत होता. मी म्हटलं, विचार करायचं काम झालं माझं. मागे ते इंजिन साखळीत खडखडत होतं आणि मी मनात तुला म्हणत होते, घे, घे तुझं सहा, आता तरी खूश हो. घरी पोचले तेव्हा मला खूप दिवसांनी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईनं गाडी ढकलून फणसाखाली आणवली, फांदीला चेनपुली बांधली, आणि बॉनेट उघडून आत वाकला. वाकला तो बराच वेळ वर येईना. मला वाटलं त्यालाही तुझी आठवण आली असेल. मग तो म्हणाला, "वंदूताई, हितं इंजान बसवायची माउंटिंग तयार हायत."

"जुन्या इंजिनाची असतील."

"जुन्याची नायत. बोटीच्या इंजानाची पन नायत, ती मीच कापली होती. ही नवीन हायत. चाराची. टेम्पोची."

करारामुळे मी दोन वर्षांत त्या बॉनेटला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. दोन्ही बाजूंना जाड पट्टीची नवीकोरी माउंटिंग, आणि त्यांना नाखवाच्या बोटीचा उरलेला निळा रंग. तुझं वेल्डिंग मी कुठेही ओळखीन, प्रत्येक रेघेच्या शेवटी एक थेंब जास्त सोडायचास. पुढे रेडिएटर दुप्पट रुंद, त्याला एकाऐवजी दोन पंखे. मुंगीच्या पावलानं चालतानाही तापू नये म्हणून.

सलीमभाई फणसाच्या मुळाशी बसला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिला. म्हणाला, "दिवालीनंतर दादा माज्याकडं आले होते. माज्याकडं ते टेम्पोचं इंजान पडून हाय ना, त्याची मापं घेतली. कुनाला म्हटलं, तर बोलले, एका बोटीला. मी म्हटलं, दादा, बोटीला हे लहान पडंल. तर बोलले, चालंल. ती बोट आता एकटी जानार हाय, संगती इंजानवाला नसंल. कुटं बंद पडली तर कुनालापन उघडता यायला पायजे. आनि बोलले, ते इंजान कुनाला देऊ नको." मग टोपी गुडघ्यावर आपटली. "अल्ला! मी वेडा, मी खरंच बोट समजलो."

दिवाळीनंतर तू दोनदा एकटाच अलिबागला दवाखान्यात जाऊन आलास. विचारलं तर पोटात गॅस धरतोय म्हणालास. त्यानंतर बोटीवर चढताना मधेच थांबायला लागलास आणि आम्ही म्हटलं, वय झालं. तुला कळलं होतं, दादा. तुला सगळं कळलं होतं.

मला काय झालं सांगू? मला राग आला. इतका राग मला सासरच्यांचाही आला नव्हता. तू केव्हाच हरला होतास आणि मला सांगितलं नाहीस. सगळा हिवाळा तोंडानं सहाच्या बाजूनं भांडलास, आणि माझी रिक्षा फाट्यावर वळली की बॉनेट उघडून माझ्या बाजूनं वेल्डिंग करत बसलास. मला जिंकू द्यायला तुझं काय जात होतं रे? मग गाडीला टेकून उभी राहिले तेव्हा डोक्यात आलं. मी जिंकले असते तर मी विचारलं असतं, का रे, अचानक कसा बदललास? तुला तेवढा एक प्रश्न नको होता. म्हणून तू भांडत राहिलास.

सलीमभाईनं ग्राइंडरची वायर लावली होती. म्हणाला, "सहा बसवायचं तर ही कापायला लागतील. कापू काय?"

एकीकडे तुझा सहाचा हट्ट, जो तू शेवटच्या सकाळपर्यंत तोंडानं धरून ठेवलास. दुसरीकडे तुझ्या हातचं काम. वहिनी चहा घेऊन आली होती. सगळं तिनं ऐकलं होतं. तिनं ट्रे बॉनेटच्या कडेवर ठेवला, पदराचं टोक घेतलं आणि त्या निळ्या रंगावरची धूळ पुसली. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "ग्राइंडर ठेवा. मुरुडहून ते टेम्पोचं आणा."

"आनि हे सहा?"

"राहू दे पडवीत."

ते पडवीतच आहे. ताडपत्री आता त्याच्यावर घातली आहे. परत नेऊन द्यायला मन होत नाही आणि ठेवून काय करायचं ते माहीत नाही. बघू.

तुझ्या माउंटिंगवर टेम्पोचं इंजिन असं बसलं की कुठे कानस लावावी लागली नाही. सलीमभाई प्रत्येक बोल्ट आवळताना "वा दादा" म्हणत होता. काल संध्याकाळी ते चालू झालं आणि मी गाडी रस्त्यावर काढली. वहिनी म्हणाली, "मी येते." मी मागचं दार उघडलं तर ती पुढे येऊन बसली, उजवीकडे. आपली गाडी डाव्या स्टिअरिंगची. पुढचं वाहन ओलांडायचं तर मला समोरचं काही दिसत नाही, उजवीकडे बसलेल्यानं मान बाहेर काढून सांगावं लागतं. तिथे तुझ्याशिवाय कधी कुणी बसलं नव्हतं.

गाडी हलते, दादा. आरसा हलतो, दारं हलतात, मागची सीट गुरगुरते, काचा तर विचारूच नको. चौलच्या पुढे मुरुडची एसटी आडवी आली. मी तिच्या मागे लागले आणि मागेच राहिले. धूर खात, दुसऱ्या गिअरमध्ये, बराच वेळ. वहिनीला काय सांगायचं असतं ते माहीत नाही, असं मी धरून चालले होते. रस्ता थोडा सरळ झाला तशी तिनं काच खाली केली, डोक्यावरचा पदर हातानं दाबून धरला आणि मान बाहेर काढली.

"मोकला हाय, वंदू. घाल."

मी घातली. इंजिनानं एका दमात ओढलं. एसटी मागे पडली.

मग वहिनी सीटला टेकून म्हणाली, "लय हालतं गो. हे बोलायचे ते खोटं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग सहाचं टाकायचं होतं?"

"नाय. हेच टाकायचं होतं."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्या काशीदवाल्याला नाय म्हनून सांग," आणि पुन्हा मान बाहेर काढून रस्ता बघायला लागली.

म्हणून हे लिहायला बसले. तू समोर असतास तर मी हे मेले तरी कबूल केलं नसतं, पण इंजिनाचं तुझं दोन्हीकडून बरोबर निघालं. एकच गोष्ट चुकलास. सलीमभाईला म्हणालास ना, ती आता एकटी जाणार म्हणून? वहिनीला रस्ता बघता येतो, दादा.